हातात घेतलेली वस्तू कुणाची?

मारी कोंडोच्या 'द लाइफ-चेंजिंग मॅजिक ऑफ टायडिंग अप' या पुस्तकातला एक सल्ला जगभर गाजला. घरातली प्रत्येक वस्तू हातात घ्या, तिच्यामुळे आनंद होतो का ते पाहा. होत असेल तर ठेवा, नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्या. त्याच पुस्तकात आणखी दोन सल्ले आहेत, त्यांच्याविषयी मात्र कमी बोललं जातं. एक : टाकायच्या सामानाच्या पिशव्या घरच्यांना, विशेषतः आईवडिलांना, दिसू देऊ नका. दोन : आपल्याला नको झालेली वस्तू घरातल्या दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालू नका. आनंदाचा सल्ला या पुस्तकाचा चेहरा आहे, पण ते ज्यावर उभं आहे तो पाया या दोन सल्ल्यांत आहे. वस्तूचा निकाल एकट्याने लावायचा असतो आणि इतर माणसं त्यात आली की गोंधळ होतो, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

हे गृहीतक मराठी घराला आणि मराठी साहित्याला लावून पाहिलं तर काय होतं, हा या लेखाचा विषय आहे. मी पनवेलचा. न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर बघत मोठा झालो. त्यामुळे 'सामान' हा शब्द माझ्यासाठी कपाटातल्या कप्प्यांपुरता राहत नाही. या किनाऱ्यावरून संसार उठलेत आणि याच किनाऱ्यावर परदेशातून संसार उतरतातही. ठेवायचं काय, विकायचं काय, द्यायचं काय, हा प्रश्न इथे विचारला की पहिल्यांदा दुसराच प्रश्न समोर येतो : विचारतंय कोण?

कोंडोच्या पुस्तकाला हसणं सोपं आहे, पण त्यात खरोखर काही आहे. मूळ जपानी पुस्तक २०१० च्या अखेरीस आलं, कॅथी हिरानो यांचा इंग्रजी अनुवाद २०१४ मध्ये, आणि १ जानेवारी २०१९ पासून नेटफ्लिक्सवर मालिका. इंग्रजीत 'स्पार्क जॉय' झालेला जपानी शब्द छातीतल्या धडधडीशी जोडलेला आहे. मराठीत 'मन मोहरणं' त्याच्या जवळ जातं. तिची पद्धत शिस्तीची आहे. खोलीनुसार आवरायचं नाही, प्रकारानुसार आवरायचं. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागदपत्रं, मग किरकोळ वस्तू आणि सगळ्यांत शेवटी आठवणींच्या वस्तू. घरातले सगळे कपडे एकदम बाहेर काढून जमिनीवर ढीग करायचा, म्हणजे आपल्याकडे किती आहे ते डोळ्यांना दिसतं. माझ्या व्यवसायात याला किंमत आहे : मोजल्याशिवाय काही कमी करता येत नाही. शिवाय तिने प्रश्नाची दिशा बदलली. 'काय टाकू?' याऐवजी 'काय ठेवू?' असा प्रश्न विचारला की माणूस कमी घाबरतो. आणि वस्तूचे आभार मानण्यात आपल्याला परकं वाटावं असं काही नाही. खंडेनवमीला पाना-पक्कडीला हळदकुंकू वाहणाऱ्या घरात ते सहज समजतं.

अडचण येते ती क्रमात. कपडे पहिल्या वर्गात, आठवणी शेवटच्या वर्गात. मालिकेत एका भागात नवरा गेलेली बाई आहे, तिच्यापुढे त्याचे कपडे आहेत. ते कुठल्या वर्गात धरायचे? हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. ती वस्तू एका माणसाची होती, दुसऱ्याकडे राहिली आहे आणि तिसऱ्याला, म्हणजे मुलांना, तिच्याविषयी काही म्हणायचं असू शकतं. 'मला आनंद होतो का?' या प्रश्नात यातला एकच माणूस मोजला जातो.

मराठीत हाच प्रश्न मांडणारी सर्वांत अचूक कलाकृती मला महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' वाटतं. १९८५ साली ते रंगमंचावर आलं. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांच्या घरी तात्याजी वारले आहेत, मुंबईहून सुधीर आणि अंजली आले आहेत, दिवसकार्यं चालू आहेत. बोलणं दुःखाचं असायला हवं, पण ते पुनःपुन्हा उरलं काय आणि कुणाचं, याकडे वळतं. अंगणात एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. त्याचा उपयोग कुणाला नाही, अडथळा सगळ्यांना आहे. कोंडोच्या कसोटीवर तो एका मिनिटात निकालात निघेल. नाटकात तो निघत नाही, कारण तो विकणं म्हणजे या घराची जमीनदारी संपली हे मोठ्याने म्हणणं आणि ते म्हणण्याचा अधिकार त्या घरात कुणालाच नाही. थोरल्याला नाही, कारण त्याला मोठेपण राखायचं आहे. सुधीरला नाही, कारण तो मुंबईला राहतो. बायकांना तर नाहीच.

दागिन्यांचा प्रसंग याहून पुढे जातो. वहिनी रात्री घराण्याचे दागिने अंगावर घालते आणि भास्कर तिच्याकडे बघतो. कोंडोने सांगितलेला क्षण तो हाच : वस्तू अंगावर आहे, मन मोहरलं आहे, शंका नाही. पण या आनंदाने काहीच ठरत नाही. त्याच सोन्यात प्रभाचं राहून गेलेलं शिक्षण आहे, सुधीरचा वाटा आहे, कार्याचा खर्च आहे. एकाच डब्यावर इतक्या जणांचे हक्क आहेत की कुणा एकाचं मोहरणं हा निकष होऊ शकत नाही. शेवटी रंजू ते दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते आणि सोनं कुणीही न ठरवता घराबाहेर पडतं. एलकुंचवार सांगतात ते असं : एकत्र ठरवायचं टाळलं की वस्तू राहत नाही, ती नुसती जाते. जपून ठेवण्याचा कैवार घेणाऱ्यांनी हे वाचायला हवं, कारण न ठरवण्यालाच आपण पुष्कळदा जपणं म्हणतो.

दुसरं टोक भालचंद्र नेमाड्यांचं. २०१० साली आलेल्या कादंबरीच्या नावातच त्यांनी निकाल दिला आहे : 'हिंदू – जगण्याची समृद्ध अडगळ'. योगायोग असा की कोंडोचं जपानी पुस्तक त्याच वर्षीचं. एकीने अडगळ काढायला सांगितली, दुसऱ्याने तिच्यापुढे 'समृद्ध' हे विशेषण लावलं. नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. मोहेंजोदडोहून तो मरणासन्न वडिलांसाठी मोरगावला परततो. ही निवड नेमकी आहे. पुरातत्त्व हे दुसऱ्यांनी टाकलेल्या वस्तूंवर चालणारं शास्त्र आहे. मडकं फोडून टाकणाऱ्याला आपण पुरावा मागे ठेवतोय हे माहीत नसतं. काय मोलाचं आणि काय नाही, हे ज्याच्या हातात वस्तू आहे त्यालाच कळतं, या कोंडोच्या श्रद्धेला याहून चोख उत्तर नाही.

तरी नेमाड्यांच्या उत्तरातही एक जागा रिकामी राहते. अडगळ समृद्ध असते ती कुणासाठी? जो बाहेरून येतो, बघतो, आठवतो आणि पुन्हा जाऊ शकतो, त्याच्यासाठी. जी बाई रोज ती अडगळ सरकवून झाडू मारते, तिच्यासाठी 'समृद्ध' हा शब्द वेगळा ऐकू येईल. कादंबरी घराचा प्रश्न संस्कृतीच्या प्रश्नापर्यंत नेते, हे तिचं मोठेपण. पण त्या उंचीवरून माळ्यावरच्या तांब्याच्या बंबाचं काय करायचं हे दिसत नाही.

वाड्यातल्या आणि मोरगावच्या माणसांना निदान घोळ घालायला वेळ मिळतो. न्हावा शेवाला आलं की ही सवलत संपते.

न्हावा आणि शेवा ही मुळात दोन गावं. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरणमध्ये. जगभरच्या शिपिंगच्या कागदांवर ती जोडून येतात, एका बंदराचं नाव म्हणून. हे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. त्यासाठी शेवा गाव आणि शेवा कोळीवाडा उठले. कोळीवाडा उरणजवळ बोरी पाखाडीला हलवला गेला. तो आज हनुमान कोळीवाडा म्हणून ओळखला जातो. इथल्या घरांना वाळवीने पोखरलं, ही तक्रार कित्येक वर्षं गाजते आहे. घराच्या चौकटी वाळवी खाते तेव्हा आत नेऊन ठेवलेल्या लाकडी सामानाचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. ठेवायचं म्हणून जे नेलं, ते टिकेल की नाही हेही मग नेणाऱ्याच्या हातात राहत नाही.

त्या काळी लागू असलेला १८९४ चा भूसंपादन कायदा मी साहित्याचा वाचक म्हणून वाचला. 'जमीन' या शब्दाची त्यातली व्याख्या अशी : जमीन, तिच्यापासून मिळणारे लाभ आणि तिला जखडलेल्या गोष्टी. म्हणजे भिंत मोजली जाते, विहीर मोजली जाते, आंब्याचं झाड मोजलं जातं. जे जखडलेलं नाही ते या मजकुरात जवळजवळ नसतंच. कलम २३ मध्ये, राहतं घर बदलणं भाग पडलं तर त्यापायी होणारा वाजवी खर्च द्यावा, एवढा उल्लेख आहे. संसार म्हणजे एक किरकोळ खर्च. २०१३ च्या नव्या कायद्याने यात सुधारणा केली. कुटुंब, बांधकामाचं साहित्य, सामानसुमान आणि गुरं हलवण्यासाठी एकरकमी ५० हजार रुपये, असं दुसऱ्या अनुसूचीत आहे. 'सामानसुमान' निदान शब्दरूपाने आलं, पण ट्रकभाड्याचा भाग म्हणून.

कायद्याच्या भाषेत मालमत्तेचे दोन प्रकार : स्थावर आणि जंगम. जंगम म्हणजे हलवता येणारं, म्हणून त्याचं नुकसान होत नाही, असा यामागचा तर्क. डोल जाळ्याचं उदाहरण घ्या. हे जाळं जंगम आहे, उचलून कुठेही नेता येतं. पण ते खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावायचं असतं. तो प्रवाह हलवता येत नाही. खाडीपासून तुटलेल्या घरात ते जाळं ठेवावं, विकावं की कुणाला द्यावं? हातात घेऊन 'आनंद होतो का?' असं त्याला विचारणं क्रूरपणाचं होईल. वस्तू तीच राहते, तिचं काम ज्या जागेशी बांधलेलं होतं ती जागा जाते, आणि एका दिवसात ती अडगळ होते.

या भागात जमिनीची लढाई झाली आणि ती लक्षात राहिली. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांचा बळी गेला. त्यातून विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. पनवेल-उरणमध्ये 'साडेबारा टक्के' म्हटलं की पुढचा शब्द लागत नाही. जमिनीला टक्केवारी मिळाली, आणि ती रक्त सांडून मिळाली. घरातल्या सामानाला कुठलीच टक्केवारी नाही. पुढे विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली दहा गावं उठली, तेव्हाही चर्चा भूखंडांची होती. ती योग्यच होती. फक्त घर रिकामं करण्याच्या शेवटच्या दिवसांत काय राहिलं आणि काय गेलं, याची नोंद कुठल्या पंचनाम्यात होत नाही.

ही नोंद साहित्य करू शकतं, याचा पुरावा म्हणजे विश्वास पाटलांची 'झाडाझडती'. १९९१ ची ही कादंबरी, तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणाखाली जाणाऱ्या जांभळी गावाची ती गोष्ट आहे. लेखक स्वतः प्रशासनात होते, त्यामुळे नोटिशीची आणि पंचनाम्याची भाषा त्यांना आतून माहीत आहे. पण शीर्षकाकडे पुन्हा पाहा. झाडाझडती म्हणजे कानाकोपरा उलटापालटा करून केलेला शोध. कोंडोही हेच सांगते : सगळं बाहेर काढा, ढीग करा, एकेक उचला. कृती तीच. एकीकडे घरमालक स्वतःच्या घराची झाडाझडती घेतो आणि त्याला हलकं वाटतं, दुसरीकडे सरकार गावाची झाडाझडती घेतं आणि गाव रिकामं होतं. कोंडोच्या पुस्तकाला ही दुसरी शक्यता सुचतही नाही, हा मला त्याचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

आज त्याच बंदरात उलट दिशेने संसार येतात. अमेरिकेत, युरोपात आठ-दहा वर्षं राहून परतणारी माझ्या वयाची, माझ्याच व्यवसायातली कुटुंबं आपलं सामान कंटेनरने पाठवतात आणि ते पुष्कळदा न्हावा शेवाला उतरतं. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते, आणि जागेला भाडं असतं. त्यामुळे प्रत्येक खुर्चीचा हिशोब होतो. २०१६ च्या बॅगेज नियमांत कायम परतणाऱ्यांच्या घरगुती सामानाला दिलेली करसवलत परदेशातल्या वास्तव्यानुसार वाढत जात असे : तीन ते सहा महिन्यांना ६० हजार रुपये, दोन वर्षं किंवा अधिक काळाला पाच लाख. मला हा नियम गंमत म्हणून सांगायचा नाही. माणूस जितका काळ एखाद्या ठिकाणी राहतो तितका त्याचा संसार साचतो, हे राज्याला कळतं, आणि ते आकड्यात मांडताही येतं. परतणाऱ्यांची पॅकिंग लिस्ट खोक्याखोक्याने त्याच किनाऱ्यावर तपासली जाते, जिथे उठणाऱ्यांची यादी कुणी केली नव्हती. कोंडोचं पुस्तक या पहिल्या यादीसाठी उत्तम आहे. तिथे वेळ आहे, मालकी स्पष्ट आहे, आणि जायचं आपण ठरवलं आहे.

बहुतेक मराठी घरं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहेत. आमचंही. आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आहे. निदान तीन वर्षं भाड्याच्या लहान घरात काढायची आहेत. मी एक तक्ता केला : वस्तू, आणि पुढे ठेवू, विकू, देऊ असे तीन रकाने. आईने तो वाचला आणि एक रकाना वाढवला : 'कुणाला विचारायचं'. मग तक्ता भरू लागला तो मुख्यतः त्या चौथ्या रकान्यात. स्टीलच्या टोपावर देणाऱ्याचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे. तो बोहारणीकडे गेला आणि उद्या त्या घरच्या कार्यात कुणी विचारलं तर? शिलाई मशीनवर मावशी शिकली आणि तिने पुढे त्याच कामावर घर चालवलं. आमच्याकडे ते फक्त राहिलेलं आहे. जुना फ्रिज कामाला येणाऱ्या ताईंना द्यावा असं मी लिहिलं होतं. आई म्हणाली, त्यांच्या खोलीत तो मावतो का ते आधी विचार, आणि दिवाळीच्या बोनसमध्ये धरू नकोस.

संगणकाची स्मृती आवरण्याची एक जुनी रीत आहे. एखादी गोष्ट पुसायची की नाही हे ती कुणाला आवडते यावर ठरत नाही. तिच्याकडे अजून कोण बोट दाखवतंय ते मोजलं जातं. मोजणी शून्यावर आली की जागा मोकळी करायची. आईचा चौथा रकाना म्हणजे ही मोजणी आहे. आहेराची वही ठेवणाऱ्या पिढीला ती उपजत येते. तिच्यातला धोकाही खरा आहे : दोन गोष्टी एकमेकींकडेच बोट दाखवत राहिल्या की मोजणी कधीच शून्य होत नाही आणि जागा अडून राहते. वाड्यातला ट्रॅक्टर हा असाच. प्रतिष्ठा त्याच्यावर टेकलेली आणि तो प्रतिष्ठेवर. अशा वेळी कुणीतरी बाहेरून येऊन स्पष्ट प्रश्न विचारावा लागतो, आणि तिथे कोंडो खरंच उपयोगी पडते.

म्हणून वस्तूंविषयीचं कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आता तीन गोष्टी बघतो. ठरवणारा हात कुणाचा आहे, त्या वस्तूवर आणखी कुणाचा हक्क आहे, आणि ठरवायला किती वेळ दिला आहे. कोंडोला पहिलंच उत्तर पुरतं. एलकुंचवार दुसरं उत्तर दाखवतात आणि ते टाळण्याची किंमतही. तिसरा प्रश्न नोटीस आलेल्या घरांना विचारावा लागतो, आणि तो विचारण्याचं काम आपल्याकडे 'झाडाझडती'सारख्या थोड्याच पुस्तकांनी केलं आहे. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पिशव्या लपवून मिळत नाही. घरच्यांना दिसू दिल्या तर भांडण होईल, दोन वस्तू परत कपाटात जातील, एखादी योग्य माणसाच्या घरी पोचेल. एवढं झालं तरी पुष्कळ.

शिलाई मशीन मावशीकडे गेलं. तांब्याच्या बंबासाठी आत्याला फोन झाला आहे, ती काकांशी बोलून सांगते म्हणाली. घर महिनाअखेरीस रिकामं करायचं आहे.